लहानूबाईच्या मांडीतलं लोखंड

होळीच्या आधीच्या सोमवारी ग्रामसभा होती. देऊ केलेली रक्कम दोन लाख रुपये, जाखाई देवीचं मंदिर बांधण्यासाठी. हजर होते ते असे: सरपंच, ग्रामसेवक, जमिनीखालचा वायू शोधणाऱ्या कंपनीचे जमीन अधिकारी, त्यांचे भूगर्भतज्ज्ञ, शाळेचं पटांगण भरेल एवढे गावकरी आणि दूध डेअरीचा सचिव म्हणून मी. लहानूबाईही हजर होती. ती उभी होती.

ती नेहमी उभीच असायची. सरपंचांनी त्या दिवशी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली, तर म्हणाली, "नगं. मी एकदा बसले की उठवायला दोन मानसं लागत्यात. मग सभा ऱ्हायची बाजूला आन् माझंच काम निघायचं."

लहानूबाई जाऊन आता वर्ष होईल. तिचा पूर्ण जीवनवृत्तांत मला माहीत नाही आणि मी लिहिणारही नाही. आमचं गाव राहुरीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली आम्हा शेतकऱ्यांची घरं, वर ठाकरांची वाडी. वाडीच्याही वर जाखाईचं रान. लहानूबाई त्या वाडीतली. एक गाय होती तिची. रोज सकाळी किटली घेऊन, डावा पाय न वाकवता, ती डेअरीवर यायची. नावाने लहानू, पण उंचीने डेअरीच्या दारातून वाकून आत यावं लागेल एवढी होती.

तिची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. कुणी पुस्तकी मराठी बोललं किंवा वाचून दाखवलं की ती त्याचं लगेच वाडीच्या बोलीत भाषांतर करायची. कुणी सांगितलेलं नसायचं. डेअरीवर मी एकदा दूध संघाची सूचना वाचली, "भेसळयुक्त दूध कोणत्याही परिस्थितीत स्वीकारले जाणार नाही." माझं वाचन संपायच्या आत ती मागे वळून रांगेतल्या बायांना म्हणाली, "म्हंजी पानी वतून आनू नका. आनलंच तर झऱ्याचं तरी आना, हिरीच्या पान्यानं दूध खारं लागतंय."

"मावशी, असं नाही लिहिलेलं," मी म्हणालो.

"शेक्रेटरीभाऊ, लिवलेलं तू वाच. त्यात काय हाय ते मी सांगते."

एखाद्या माणसाच्या तोंडावर त्याच्याच वाक्याचं सरळ रूप ऐकू आलं की तो एक तर हसतो, नाही तर चिडतो. डेअरीवर येणारा पशुवैद्य हसायचा. बँकेचा वसुली साहेब चिडला होता.

आता त्या रानाबद्दल सांगायला हवं. जाखाईचं रान म्हणजे फार मोठं नव्हे, पण उन्हाळ्यात उघड्याबोडक्या डोंगरावर तेवढाच हिरवा ठिपका दिसतो. मध्ये एक कुंड आहे, ते आटत नाही. वाडीचं पिण्याचं पाणी त्याच कुंडाचं. जाखाई म्हणजे झाडाखालचा शेंदूर लावलेला एक दगड. त्या रानात लोखंड न्यायचं नाही, हा नियम. रानाच्या तोंडाशी एक उभा दगड आहे. कुऱ्हाड, विळा, कोयता जे असेल ते तिथे ठेवायचं आणि मग आत जायचं. हा नियम फक्त वाडीचा नाही. आम्ही खालचे लोकही नव्या बाजरीची कणसं वाहायला जातो, तेव्हा विळे दगडापाशी ठेवतो. परत येईपर्यंत तिथला विळा कधी हलल्याचं मी ऐकलेलं नाही.

लोखंड का नको, हे मी लहानूबाईला विचारलं होतं. तिने शाळेच्या बाईंना सांगितलं होतं की जाखाईचा भाऊ कुऱ्हाडीच्या घावाने मेला. वनरक्षकाला सांगितलं होतं की लोखंड खणखणलं की देवीची झोप मोडते.

"मावशी, खरं कारण कोणतं यातलं?"

"ज्यानं इचारलं त्याला पटंल ते."

"आणि मला?"

"तुला काय सांगू? मी काय देवीला इचारायला गेल्ते? माझ्या सासूनं मला सांगितलं, मी सुनंला सांगितलं. तू डेअरीचं लाकडी दार उघडायच्या आदी उंबऱ्याला हात लावतो, का लावतो?"

माझे वडील लावायचे, म्हणून.

त्या सभेच्या पंधराएक वर्षं आधी लहानूबाई आंबे उतरवताना झाडावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. नगरला नेऊन ऑपरेशन झालं, हाडात सळई बसवली. घरी आणताना जीपमध्ये मी होतो. वाडीची पद्धत अशी की दवाखान्यातून परतलेलं माणूस घरात शिरण्याआधी जाखाईच्या पाया पडतं. जीप त्या उभ्या दगडापाशी थांबली. सून सखू नारळ घेऊन उतरली. लहानूबाई कुबड्यांवर उतरली आणि दगडापाशी येऊन थांबली.

"सखे, तू जा."

"चला की आत्याबाई, धरते मी."

"मांडीत सळई हाय माझ्या."

"अवं ती स्टीलची हाय. डाक्टर म्हनला."

"स्टील काय झाडाला लागतं व्हय गं? लोखंडाचंच पोरगं ते."

मी मध्ये बोललो. म्हटलं, मावशी, आतलं लोखंड देवीला कुठं दिसतंय?

लहानूबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात पाणी घातलंय. "एक्सऱ्यात दिसतंय आन् देवीला दिसंना? मग ती देवी कशाची?"

त्या दिवसापासून ती रानात गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळल्यावर सळई काढता येईल. पण ऑपरेशनचं नाव काढलं की ही एवढी उंच बाई गारठायची. "भुलीचं विंजेक्शन दिलं की मानूस कुटं जातं ते कळत न्हाई," म्हणायची. दर मंगळवारी दगडापाशी उभी राहायची, सखूला नारळ घेऊन आत पाठवायची आणि स्वतः बाहेरून ओरडून देवीशी बोलायची. "आई, सखूला दिवस गेल्यात, ध्यान ठेव!" वाडीला सखूची बातमी अशी कळली. सखू लाजून दोन दिवस पाण्याला गेली नाही.

मग कंपनी आली. आमच्या भागातल्या काळ्या दगडाच्या खूप खाली वायू असण्याची शक्यता आहे, असं त्यांचं म्हणणं. चाचणीसाठी एक खोल विहीर पाडायची. ती पाण्याची विहीर नव्हे, यंत्राने खाली कोसावर घुसणारं भोक. त्यांना हवी होती ती सपाटी जाखाईच्या रानाला लागून, वरच्या अंगाला. अवजड यंत्र तिथवर न्यायला वाट एकच होती, रानातून. म्हणजे झाडं पडणार होती. कुंडाचं काय होणार होतं, ते कुणी सांगत नव्हतं.

गावातल्या सगळ्यांनाच हे वाईट वाटलं असं मी लिहिलं तर खोटं होईल. आमच्या बबनरावांची पायथ्याची जमीन कंपनीच्या छावणीसाठी भाड्याने जाणार होती. रस्ता होणार होता. मला स्वतःलाही वाटलं होतं की छावणीत माणसं आली तर दूध जागेवर खपेल.

बाजाराच्या दिवशी, वाडी रिकामी असताना, मोजणीची माणसं येऊन गेली. संध्याकाळी सखू पाण्याला गेली तर कुंडाशेजारी लाल फडकं बांधलेली लोखंडी खुंटी. वाडीतले पुरुष ती उपटून दरीत फेकायला निघाले. लहानूबाई वाटेत काठी आडवी धरून उभी राहिली.

"हात लावायचा न्हाई. ज्यानं रवली त्यानंच काढायची."

"आन् तवर आत लोखंड ऱ्हाऊ द्यायचं?"

"ऱ्हाऊ द्या. तुमी काढली तर त्याला कळायचं कसं, आपन काय केलं ते?"

पुढच्या आठवड्यात कंपनीची जीप आली. जमीन अधिकारी आणि भूगर्भतज्ज्ञ. हे भूगर्भतज्ज्ञ विदर्भातले, चाळिशीचे, कमी बोलणारे. मी ठाकरवाडीच्या दुधाची किटली न्यायला वर गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. लहानूबाई दगडापाशी उभी होती.

"आत जायला मना न्हाई सायेब. लोखंड तेवढं हितं ठिवा."

भूगर्भतज्ज्ञांनी हातोडा ठेवला. मग किल्ल्या. मग घड्याळ.

"मोबाईल?"

त्यांनी तोही ठेवला. बुटांच्या टाचांना खिळे होते, ते उतरवले.

"पट्ट्याचं बक्कल."

"मावशी, पँट राहणार नाही."

"हातानं धरा. आत बगायला कोन बसलंय? देवी हाय, ती बाईमानूस हाय, तोंड फिरवील."

जमीन अधिकारी जीपमध्येच बसले. भूगर्भतज्ज्ञ एका हाताने पँट धरून, अनवाणी आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांचा मोकळा हात ओला होता.

"काय म्हनली आई?"

"पाणी फार गोड आहे," ते म्हणाले.

"तुमचं भोक खाली गेलं तर ह्ये पानी हितंच ऱ्हाईल का?"

त्यांनी कुंडाच्या दिशेला पाहिलं. "खात्रीनं नाही सांगता येणार."

"आन् खुंटी?"

"काढायला ऑफिसचा हुकूम लागतो."

"मग हुकूम आना. आमी हितंच हावोत."

त्या संध्याकाळी ती वाडीभर सांगत फिरली, "त्यो हातोडीवाला मानूस खरा हाय. 'खात्री न्हाई' म्हनला. दुसरा जीपमदला, त्याला सगळ्याची खात्री हाय."

तर आता पुन्हा होळीच्या आधीच्या सोमवाराकडे येतो.

ग्रामसभेत जमीन अधिकारी उभे राहिले. त्यांचं बोलणं नितळ होतं. आवाज न चढवता बोलत. ते म्हणाले, "सदर उत्खनन हे पूर्णतः तात्पुरत्या स्वरूपाचं आहे."

लहानूबाई वाडीच्या बायांकडे वळली. "काम झालं की जानार म्हनत्यात. भोक संगं नेनार का, ते न्हाई सांगितलं."

पटांगण हसलं. अधिकारीही थोडे हसले. पुढे म्हणाले, "पर्यावरणावर त्याचा परिणाम नगण्य असेल."

"नगन्य म्हंजी गनतीत न धरलेला. आपल्यावानी."

या वेळी हसू कमी आलं. अधिकारी म्हणाले, "मावशी, मी मराठीतच बोलतोय."

"व्हय सायेब. म्हनून तर मला सोपं जातंय."

मग त्यांनी आपलं खरं पान टाकलं. कंपनी श्रद्धेचा आदर करते, त्यामुळे गावाने ना हरकत ठराव दिला तर जाखाईचं मंदिर बांधायला दोन लाख रुपये. रानातून हलवून देवी रस्त्याच्या कडेला, सोयीच्या जागी. सिमेंटचं पक्कं मंदिर, कळसासकट.

पटांगण गप्प झालं. हे गप्प होणं मला ओळखीचं आहे. डेअरीवर बोनस जाहीर झाला की माणसं अशीच गप्प होतात आणि मनात आकडे मांडतात. वाडीच्या बायांच्यातही कुजबुज झाली. त्यांच्या देवीला आजवर छप्पर नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "कळस बी हाय म्हनत्यात." लहानूबाईही बोलेना. मी तिच्याकडे पाहत होतो. काठीवर दोन्ही हात ठेवून ती खाली बघत होती आणि मला वाटलं, संपलं.

मग तिने मान वर केली. हळूच विचारलं, "सायेब, शिमिटाच्या आत सळया असत्यात ना?"

"हो. चांगलं मजबूत बांधकाम करू. खांब, स्लॅब, सगळ्यात लोखंड."

"मग आई आत कशी जाईल?"

अधिकाऱ्यांना कळलंच नाही. गावाला कळलं. मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात "आयला!" म्हणालं.

सरपंचांनी त्यांना दबक्या आवाजात नियम समजावून सांगितला. तोवर अधिकाऱ्यांचा धीर सुटला होता. त्यांना कुणीतरी माहिती पुरवली असावी. ते म्हणाले, "बाई, नियम नियम काय करता? तुमच्याच पायात सळई आहे म्हणे. तुम्ही स्वतः लोखंड घेऊन फिरता आणि आम्हाला अडवता?"

लहानूबाई चिडली नाही. ही गोष्ट मला सर्वांत जास्त आठवते. ती दोन पावलं पुढे आली, पाय ओढत, आणि पहिल्यांदाच भाषांतर न करता स्वतःचं बोलली.

"हाय ना. म्हनून मी भायेर उभी असते. पंदरा वर्सं झाली. माझी आई हाय ती, माझं लगीन तिच्यापुढं लागलं, माझी पोरं तिच्या पायावर घातली. मला बी आत जाऊ वाटतं. मी गेले न्हाई. मी हितली आसून भायेर ऱ्हाते, आन् तुमी कोन लागून गेला की तुमाला गाडी घिऊन आत जायाचं?"

मग ती म्हणाली, "तुमचं लोखंड आदी भायेर काढा. त्या दिशी माझं बी काढून टाकीन. भुलीचं विंजेक्शन घिऊन. बोलले."

सखूने तोंडावर हात ठेवला. त्या इंजेक्शनची लहानूबाईला किती भीती आहे ते वाडीला माहीत होतं.

बबनराव उठले. ज्यांची जमीन भाड्याने जाणार होती तेच. मला वाटलं, हे आता व्यवहाराचं बोलतील. ते उपरणं झटकत म्हणाले, "सरपंच, मी बी कोयता दगडापाशीच ठिवतो. माझा बाप बी ठिवायचा. आता भाड्यापायी मी ट्रक आत सोडला तर उद्या विळा कुटं ठिवू?" आणि बसले.

ठरावाच्या विरोधातले हात मोजायचं काम माझ्याकडे होतं. सगळेच वर होते, मोजावे लागले नाहीत.

ग्रामसभेच्या अशा नकाराला कायद्यात किती वजन असतं, ते मी नंतर राहुरीला दोन वकिलांना विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली. तेव्हा त्या नकाराने कंपनी गेली, असं मी छातीठोकपणे लिहीत नाही. पावसाळाभर आम्ही वाट पाहिली. प्रत्येक जीपच्या आवाजाला वाडी कान टवकारायची. लहानूबाई मात्र दर मंगळवारी दगडापाशी उभी राहून आत बातमी द्यायची, "आई, आजून काय कळलं न्हाई गं! खुंटीकडं ध्यान दिऊ नगंस!"

दिवाळीनंतर भूगर्भतज्ज्ञ एकटेच आले. हातात ऑफिसचा हुकूम होता. ही जागा सोडून दिली आहे, असं म्हणाले. कारणं त्यांनी तीन सांगितली: वाट अवघड, पाण्याचा धोका, गावाचा विरोध. कोणतं कारण किती मोठं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. या वेळी ते नाडीचा पायजमा घालून आले होते. लहानूबाईने ते पाहिलं आणि ती इतकी हसली की तिला दगडाला धरावं लागलं.

"शिकला बगा सायेब!"

ते आत गेले. खुंटी पक्की बसली होती आणि हत्यार चालणार नव्हतं. हातांनी माती उकरत, हलवत हलवत त्यांनी ती काढली. बाहेर आले तेव्हा बोटं सोललेली होती. सखूने त्यांना हळद लावली.

"आता तुमचा नंबर, आत्याबाई," सखू म्हणाली.

लहानूबाईचं हसू तिथेच थांबलं. त्यानंतर तिने किती निमित्तं काढली! गाय व्यायची आहे. थंडी सरू दे. नातीच्या शाळेचं बघायचं आहे. डेअरीवर रांगेतल्या बायाच तिचं भाषांतर करायला लागल्या. ती म्हणायची, "गाय व्याली की जाते," आणि मागून कुणीतरी, "म्हंजी विंजेक्शनला भेत्यात." शेवटी एका सकाळी ती किटली न घेताच आली आणि म्हणाली, "शेक्रेटरीभाऊ, चल. आत्ता न्हाई तर मग न्हाईच." नगरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ऑपरेशनच्या खोलीत नेताना तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "समदं निघंल ना? बारका तुकडा बी ठिवू नगा."

उपचार सरकारी योजनेत बसले, पैसे लागले नाहीत. निघालेली सळई आणि तिचे स्क्रू डॉक्टरांनी पिशवीत घालून तिच्याच हातात दिले. महिनाभराने ती डेअरीवर आली तेव्हा दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. तिने पिशवी त्याच्यापुढे धरली. त्याने उलटसुलट करून पाहिलं, "आजी, हे कशाचं?" असं विचारलं. "माझंच हाय. काटा नीट धर." त्याने वजन करून चाळीस रुपये काढले आणि तिच्या हातावर नाणी ठेवू लागला. तिने हात मागे घेतला.

"नानी नगं. नोटा दे. मला आत न्यायच्यात."

तो मंगळवार होता. पुढेही ती डेअरीवर येत राहिली, पण माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती त्या मंगळवारची. दगडापाशी आल्यावर तिने काठी माझ्याकडे दिली, कारण काठीच्या टोकाला लोखंडी टोपी होती. माझ्या खिशात डेअरीच्या किल्ल्या होत्या, म्हणून मी काठी धरून तिच्या जागेवर उभा राहिलो. सखूच्या खांद्यावर हात ठेवून ती आत निघाली. दोन झाडांपर्यंत दिसली. तिथे सखूने आधार द्यायला पुन्हा हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. मग झाडं आडवी आली. मी सवयीने कान देऊन उभा होतो, पण आतून तिचा आवाज आला नाही. आता ओरडायची गरज नव्हती.

देऊ केलेले दोन लाख रुपये कुणालाच दिले गेले नाहीत. या सगळ्या प्रकरणात रोख दिले गेले ते एकूण चाळीस रुपये, वीसच्या दोन नोटा. भंगारवाल्याने ते लहानूबाईला दिले, आणि लहानूबाईने जाखाईला.